राजा बदलतो, गादी तीच

मुलांच्या कपाटात ‘वन पीस’चे खंड दिसले की आपण ‘कॉमिक्स’ म्हणून दुर्लक्ष करतो. एइचिरो ओदा यांची ही जपानी मांगा मालिका १९९७ साली सुरू झाली. वरवर पाहता ती चाच्यांची साहसकथा. पण राज्य कोणी व कसे करावे, हा विषय तिच्यात सतत डोकावतो.

अलाबास्ता राज्यात दुष्काळ पडतो. पाऊस पळवणारी भुकटी वापरल्याचा आळ राजा कोब्रावर येतो आणि प्रजा बंड करते. खरा सूत्रधार क्रोकोडाइल मात्र नामानिराळा राहतो. बंडखोरांचा राग खरा, त्यांना मिळालेली माहिती तेवढी खोटी. ओदांनी हे फार समजुतीने रंगवले आहे.

खटकतो तो शेवट. कारस्थान उघडकीस येते आणि कोब्राची गादी शाबूत राहते. ड्रेसरोझा राज्यातही जुलमी डोफ्लामिंगो जातो, जुना राजा रिकू परततो. राजा चांगला की वाईट, एवढाच प्रश्न उरतो. राजा हवाच कशाला, हे दोन्हीकडची प्रजा विचारत नाही.

मालिका वाचनीय आहे, यात शंका नाही. मुलांबरोबर जरूर वाचा. प्रजेने न विचारलेला प्रश्न मात्र त्यांना विचारून पाहा.