शिवणीतली माया

दसरा ओलांडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून एक सल्ला हमखास येतो. कपाटात थोडे कपडे टिकाऊ असावेत आणि थोडे ट्रेंडी. टिकाऊवर पैसे घाला, ट्रेंडीवर वाचवा. पांढरा सुती शर्ट, गडद रंगाची पँट, एक चांगली रेशमी साडी ही ‘गुंतवणूक’. बाकी हौस स्वस्तात भागवा. सोबत एक हिशेबही असतो. तीन हजारांचा शर्ट शंभर वेळा घातला तर दर वेळी ३० रुपये पडतात. तीनशेचा सहा वेळांत गेला तर ५०. म्हणजे महाग तेच शेवटी स्वस्त.

हा सल्ला खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. तो अपुरा आहे, आणि ज्यांच्या खिशाला कपड्याचा खर्च खरोखर जाणवतो त्यांच्या फारसा कामाचा नाही, असे माझे म्हणणे आहे. वसईच्या पूर्वेला वालीव आणि सातिवलीच्या बाजूला गाळ्यांच्या रांगा आहेत. तिथे लोखंडापासून प्लास्टिकपर्यंत सगळी कामे चालतात, तशी तयार कपड्यांचीही चालतात. त्यांतल्या काही गाळ्यांचे हिशेब मी बरीच वर्षे लिहिले. वस्त्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. जे शिकले ते कापडाच्या बिलांतून, कटिंग मास्तरांच्या बोलण्यातून आणि मिळतील ती पुस्तके वाचून. त्यामुळे कपाटाचा विषय निघाला की माझी नजर आधी कापड कापायच्या टेबलाकडे जाते.

पण पहिल्यांदा त्या हिशेबाबद्दल. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने ‘मेन ॲट आर्म्स’ (१९९३) या कादंबरीत हाच मुद्दा बुटांवरून मांडला आहे. श्रीमंत माणूस एकदाच भारी बूट घेतो आणि ते वर्षानुवर्षे चालतात. गरीब माणूस हलके बूट पुन्हा पुन्हा घेतो, एकूण खर्च जास्त करतो आणि पाय मात्र ओलेच राहतात. गरिबी महाग पडते, हे त्याने नेमके पकडले. आपले सल्लागार त्यातला अर्धाच भाग उचलतात. आज हातात तीन हजार नसतील तर काय करायचे, हा बुटांच्या गोष्टीतला मुख्य प्रश्न पुरवणीत पोहोचेपर्यंत गळून पडतो.

शिवाय बुटाचा हिशेब कपड्याला जसाच्या तसा लागत नाही. पाय वाढायचे थांबतात, कंबर थांबत नाही. बाळंतपण, आजारपण, चाळिशी, गोळ्यांनी आलेली सूज, यांतले काय पुढे येणार हे खरेदीच्या दिवशी कुणाला माहीत असते? ‘शंभर वेळा’ हा आकडा निव्वळ अंदाज आहे. आणि आपल्या घरातली सर्वांत टिकाऊ समजली जाणारी वस्तू, पैठणी, या हिशेबाला लावून पाहा. पंधरा हजारांची पैठणी दहा वर्षांत सहा लग्नांना नेसली, तर दर नेसण्यामागे अडीच हजार. त्यात वसईच्या दमट हवेत जर काळवंडते आणि घडी न बदलता ठेवलेले रेशीम घडीवरच चिरते ते वेगळे. हिशेबाने ही सर्वांत वाईट खरेदी ठरते. तरी कुठलीही बाई तिला तसे म्हणणार नाही, आणि तिचे बरोबरच आहे. आपले कपाट ज्या रीतीने चालते ती या गणितात मावत नाही.

ती रीत मला भाषेत जास्त स्पष्ट दिसते. मराठीत कापडाच्या वयाचे शब्द आहेत. नवे ते ‘ठेवणीतले’. काही वर्षांनी ते ‘वापरातले’ होते. विरायला लागले की ‘घरातले’, आणखी विरले की ‘जुनेर’. लुगडे मधोमध फाटले तर विरलेला पट्टा काढून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणे म्हणतात. त्याहून खाली गेले की वाटा फुटतात. मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळासाठी दुपटी आणि बाळोती होतात. थरावर थर घालून धावदोरा घातला की वाकळ किंवा गोधडी होते. तुकडा उरला तर चुलीपाशी मसोते, जमीन सारवायला पोतेरे. अगदी शेवटच्या चिंध्या पिळून काकडा. मधल्या कुठल्याही पायरीवर बोहारीण दारात आली तर कापडाच्या बदल्यात भांडे. एवढे शब्द ज्या भाषेने जपले, तिच्या लोकांनी ‘टिकाऊ’ याचा अर्थ एकाच रूपात बरीच वर्षे राहणे असा घेतला नव्हता. टिकाऊ म्हणजे खालच्या पायरीवर उतरता येणारे. त्या उतरंडीत हौसेलाही जागा होती. जत्रेतले भडक कापड, रंग जाणार हे माहीत असूनही घेतलेले पोलके, हे सगळे शेवटी गोधडीच्या एखाद्या चौकटीत जाऊन बसत असे.

ही उतरंड सुताच्या जोरावर उभी होती, आणि सुताला मुंबईत मोठे घर होते. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते, आणि त्यानंतर गिरण्यांचा तो काळ परतला नाही. दरम्यान पॉलिएस्टर धागा देशात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला होता, आणि जून १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्यांना कुठलाही तंतू वापरायची मोकळीक दिली. संपामुळे पॉलिएस्टर आले असे कुणी म्हणू नये, पण आमच्या पिढीच्या कपाटात या दोन्ही गोष्टी एकामागोमाग पोहोचल्या.

पॉलिएस्टरला नावे ठेवणे सोपे आहे, आणि बरेचदा ती ठेवणाऱ्याच्या घरी गच्ची असते. दहा बाय दहाच्या खोलीत, वसईच्या पावसात, रात्री धुतलेला कुर्ता सकाळी कामावर घालायचा असेल तर सुती कुर्ता घेणे हा शहाणपणा नाही. तंतू म्हणूनही पॉलिएस्टर सुतापेक्षा मजबूत. अडचण तिथून पुढे आहे. या कापडाचे फडके पाणी टिपत नाही, नुसते पसरवते. बाळाला गुंडाळले तर घाम येतो. काकडा करून पेटवावा तर वितळून थेंब गळतात. मग वरच्या कपड्याची शिवण उसवली, इलॅस्टिक सैल झाले, अंगावर बारीक गोळे धरले की त्याला खालची पायरीच नसते. भाषेतही त्याला दोनच शब्द उरले: नवे आणि टाकायचे. कापड आपल्या नातवंडांनंतरही राहील, कपडा मात्र एका मोसमाचा.

आता कटिंग टेबलाकडे. शिवणकामात शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आपण ‘माया’ म्हणतो. ब्लाउज शिवायला टाकताना ‘आत माया सोडा’ हे न सांगणारी बाई मी पाहिलेली नाही. परकराला वरून घातलेली टीप, फ्रॉकची रुंद दुमड, शाळेच्या पँटीची वळवून ठेवलेली पायतळाची पट्टी, ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून शिवलेले सगळे, याच जातीचे. कपडा पुढे कुणाच्या, कशा अंगावर जाणार हे आज ठाऊक नाही, याची ती तरतूद असते.

स्वस्त तयार कपड्यात ही माया पहिल्यांदा जाते. कारण साधे आहे. अशा कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा असतो, मजुरीचा नव्हे. समजा शर्टाच्या बाजूच्या शिवणीला एक इंच माया होती ती तीन सूत केली. पाच सूत वाचले. पुढच्या-मागच्या भागाच्या मिळून चार कडा, म्हणजे अडीच इंच. शिवणीची लांबी २० इंच धरली आणि कापड ५८ पन्ह्याचे, तर हजार शर्टांमागे ढोबळमानाने २२ मीटर कापड वाचते. एका शर्टाला दीड मीटर धरले तर चौदा-पंधरा शर्ट. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे पंधरा शर्ट खरा नफा आहे, कारण हजारामागे त्याला मिळणारी रक्कम मुळातच बारीक असते. पण त्या पंधरांसाठी हजार शर्टांची दुसरी खेप गेली, हे कुठल्याच हिशेबवहीत येत नाही. मी लिहिलेल्या वह्यांतही त्यासाठी रकाना नव्हता.

आणि हे फक्त तीनशेच्या शर्टापुरते नाही. मॉलमधला अडीच-तीन हजारांचा शर्ट उलटा करून पाहावा. टाके बारीक असतील, कापड चांगले असेल, बटण घट्ट असेल. माया बहुतेक तेवढीच. म्हणून ‘महाग म्हणजे टिकाऊ’ हे समीकरण मला पटत नाही. सरकारलाही किमतीचीच भाषा कळते: २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८. आत काय शिवले आहे, याचा प्रश्नच नाही. प्रश्न विचारता येतो, याला मात्र दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने १९४१ मध्ये कपड्यांचे रेशनिंग केले आणि ‘युटिलिटी’ कपड्यांची योजना आणली. तीत किमतीवर मर्यादा होती आणि कापडाच्या दर्जाला किमान अट होती. आपल्याकडचे ‘कंट्रोलचे कापड’ माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्यात किंमत बांधली गेली आणि दर्जाच्या तक्रारी राहिल्या. तरी स्वस्त कपड्याचा दर्जा हा सार्वजनिक प्रश्न आहे, एवढे त्या काळाने मानले होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. मुळात इतके कपडे हवेतच कशाला? थोडे, साधे, जाडेभरडे घ्या आणि वर्षानुवर्षे वापरा. या विचाराला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या वर्षी जाहीर हरकत घेतली होती: ज्यांना अंगभर वस्त्र नाही त्यांच्या हक्काचे कापड जाळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? खादी तेव्हा गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडत होती, आणि गरिबांनी ती कशी घ्यावी हा प्रश्न गांधीजींपुढेही आला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत त्यांनी दिलेले उत्तर सर्वांना माहीत आहे. त्यांनी स्वतः पंचा नेसला. कमी कपड्यात भागवा, असे सांगण्याआधी ते स्वतः त्यात उतरले, म्हणून त्या उत्तराला वजन आहे.

पण सहा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना वेगळेच सांगितले. जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, अंगावरचे कपडे स्वच्छ ठेवा, इतर वर्गांतल्या बायका नेसतात तसे नेसा. साधेपणा ज्याच्या अंगावर शोभतो त्याची प्रतिष्ठा आधीच ठरलेली असते. ज्याची ठरलेली नाही त्याला कपडा बोलायला लागतो. मला हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय कपाटाबद्दल काही लिहिता येत नाही. गाळ्यात दिवसभर धागे कापणारी, बटणे लावणारी मुलगी संध्याकाळी नाक्यावरच्या हातगाडीवरून या महिन्याच्या फॅशनचा टॉप घेते, तेव्हा तिला ‘गुंतवणूक करा’ असे सांगणाऱ्याने महाड आठवावे. तिने हौस करू नये, असे म्हणायचा हक्क मला नाही. तिच्या टॉपला एक इंच माया असावी, असे म्हणायचा मात्र आहे, आणि ते तिला सांगून उपयोग नाही. ते कापणाऱ्याला आणि कापायला लावणाऱ्याला सांगायला हवे.

तोपर्यंत बायका आपली वाट काढतातच. आमच्या भागातले अल्टर करणारे शिंपी सांगतात की तयार कपडा घट्ट करून देता येतो, सैल करून देता येत नाही. आत काही नसतेच. त्यावर काही जणींनी उपाय शोधला आहे. आपल्या मापापेक्षा एक माप मोठा कुर्ता घ्यायचा, किंमत बहुधा तीच असते, आणि बाजूने टीप मारून अंगासरसा करून घ्यायचा. शिंप्याचे पैसे धरूनही तो स्वस्तच पडतो. खांदे थोडे उतरतात, बाहीचा घेर नीट बसत नाही, झिरझिरीत कापडावर आतली पट्टी उन्हात दिसते. हे सगळे चालवून घेतले जाते. शिंपी सवयीने उरलेल्या पट्टीवर कात्री चालवायला जातो, तेव्हा त्या त्याचा हात धरतात आणि सांगतात, मास्तर, आतले कापू नका.