‘कुल्सुम नने’ आणि इराणी स्नानाचार

‘कुल्सुम नने’ हा फारसी ग्रंथ सफवीकालीन पंडित आका जमाल ख्वानसारी यांचा समजला जातो. जेम्स ॲटकिन्सनकृत इंग्रजी भाषांतर १८३२ साली लंडन येथे निघाले. त्याच्या शीर्षकाने ग्रंथास इराणी स्त्रियांच्या चालीरीतींचे वर्णन ठरविले. परंतु मूळ ग्रंथ धर्मशास्त्रीय निर्णयांचे विडंबन होय. त्यातील स्त्री-पंडितांचे हमामविषयक निर्णय उपहासाचे आहेत. त्यांत आचाराची छाया असेल, पण तेवढ्यावर आचार सिद्ध होत नाही. त्यास वस्तूंची साक्ष हवी: कल्हईचा तांब्याचा तास, वस्त्रांचा बुग्चा, टाच घासण्याचा दगड. हार्वर्ड विद्यापीठाच्या काजारकालीन स्त्रीजीवनविषयक संग्रहात विवाहपत्रांबरोबर घरगुती वस्तूंची छायाचित्रेही आहेत, ती याच कारणाने मोलाची. संग्राहकांनी भांड्याबरोबर त्याची घराण्यातील परंपराही टिपावी. तीवाचून भांडे मुकेच राहते.