वेदीवरची मराठी, वाडीतली बोली

वसईच्या कॅथलिक चर्चमधील परिवर्तनाची चर्चा बहुधा भाषेपासून सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. भाविक गुडघे टेकून ऐकत, पण ते शब्द त्यांचे नसत. पुढे वेदीवर मराठी आली.

रोमच्या निर्णयाने दार उघडते, पण समाजाला त्यातून पुढे न्यायला माणूस लागतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे मोठेपण इथे आहे. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी 'सुवार्ता' मासिक धर्मग्रामापुरते न ठेवता मराठी वाचकांचे केले. 'सुबोध बायबल' लिहिले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण त्यांच्या नेतृत्वाची खरी कसोटी लागली ती हरित वसई चळवळीत. केळी, पानवेली आणि फुलांवर जगणाऱ्या समाजाची पहिली चिंता विहिरीच्या पाण्याची आहे, हे त्यांनी ओळखले. पाणी विहिरीतून उपसले जात होते, जमीन बांधकामाखाली जात होती. अशा वेळी केवळ परलोकाचे प्रवचन अपुरे पडले असते. या लढ्यात सर्व धर्मांचे लोक उतरले, ही त्या निदानाची पावतीच होय.

तरीही या यशकथेला दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न : वेदीवर आली ती मराठी कोणाची? ती प्रमाण मराठी होती. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, घरात कादोडी बोलतात. वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती समाजांच्या बोली वेगळ्या. प्रमाण भाषेने या साऱ्यांना एकत्र आणले, मराठी साहित्याच्या अंगणात नेऊन बसवले. मात्र आजीची बोली देवळाच्या पायरीवरच राहिली. हा दोष एका व्यक्तीचा नव्हे. पण लोकभाषेचा विजय म्हणताना ही उणीव झाकू नये.

दुसरा प्रश्न आजचा आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. नव्या इमारतींत कोकणी, मल्याळम, इंग्रजी बोलणारे कॅथलिकही राहतात. त्यांना वाडी नाही, विहीर नाही. टँकरची वाट पाहणे मात्र ठाऊक आहे. जुन्या भूमिपुत्राला ते उपरे वाटतात आणि त्यांना चर्चच्या चालीरीती परक्या वाटतात.

२०२४ मध्ये दिब्रिटो गेले. त्यांचा वारसा चालवायचा म्हणजे त्यांची भाषणे पुन्हा म्हणायची नव्हेत. त्यांनी विहिरीकाठी उभे राहून समाज वाचला. आजच्या धर्मगुरूला तो इमारतीच्या जिन्यात उभे राहून वाचावा लागेल. आणि वाचण्याआधी, कादोडी बोलणाऱ्या आजीचे आणि काल राहायला आलेल्या शेजाऱ्याचे, दोघांचेही ऐकावे लागेल.