अधू डोळे आणि छापील स्वर

पलूस हे गाव नकाशावर शोधण्याआधीच अनेकांना एका आडनावात भेटलेले असते. मूळचे गाडगीळ घराणे गावाच्या नावाने पलुसकर झाले. विष्णु दिगंबरांचा जन्म मात्र कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२ चा. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळे भाजले आणि दृष्टी अधू झाली. शाळा सुटली, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली.

चरित्रपर लेखनात हा अपघात बहुधा शापाचा वर झाल्यासारखा येतो: डोळे गेले म्हणून कान उघडले. ही मांडणी गोड असली, तरी त्यांच्या कामातली खरी विसंगती तिच्यात हरवते. कानाने शिकलेल्या या माणसाने आयुष्याची उमेद लावली ती लिहिलेल्या संगीतावर. १८९६ मध्ये मिरज सोडल्यावर त्यांनी राजाश्रयाऐवजी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत. अभ्यासक्रम, परीक्षा, पाठ्यपुस्तके या सगळ्यांचा पाया स्वरलिपी हाच होता.

ही लिपी जरा निरखून पाहावी. मंद्र स्वरावर बिंदू, तार स्वरावर उभी रेघ, कोमल स्वराचा पाय मोडलेला. शिवाय स्वरांखाली एक मात्रा, अर्धी, पाव यांची वेगवेगळी चिन्हे. काळाचा बारीक हिशेब कागदावर उतरावा, ही त्यामागची जिद्द. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर ताण येतो तो तिथेच. भातखंड्यांनी एका मात्रेतले स्वर एका कमानीत बांधले. ती पद्धत सुटसुटीत म्हणून अधिक रुळली.

मग पलुसकरांची लिपी फसली म्हणायची का? मला तसे वाटत नाही. गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या फी भरणाऱ्या कोणत्याही मुलामुलीच्या हाती जावी, ही त्यामागची भूमिका होती. तिची किंमतही त्यांनी मोजली. मुंबईची इमारत कर्जापायी गेली आणि त्यांचा उत्तरकाळ नाशिकच्या रामनाम आधाराश्रमात सरला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

तरीही लिपीची मर्यादा त्यांच्या शिष्यांकडे पाहूनच कळते. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास: शिस्त एका शाळेची, पण गाणी तीन. हे वेगळेपण कोणत्याही चिन्हात मावले नसते. ते गुरूसमोर बसूनच आले. वडील गेले तेव्हा मुलगा दत्तात्रेय जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याला पुढे घडवले ते वडिलांच्या शिष्यांनी, समोर बसवून.

छापील पानाने गाण्याचे दार उघडले. आत नेले ते कानानेच. अधू डोळ्यांच्या या माणसाला दोन्हींची गरज ठाऊक होती, असे मला वाटते. म्हणून त्यांची थोरवी अपघातावर केलेल्या मातीत शोधू नये. स्वतःला सहज न वाचता येणारे पान इतरांसाठी छापण्याच्या हट्टात ती शोधावी.