फोर्सिथकृत रायफल-विचार : एक परीक्षण

मध्यप्रांतांतील शिकारीचीं जुनीं इंग्रजी पुस्तकें जमविणारांच्या संग्रहीं कॅप्टन जेम्स फोर्सिथचें ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) बहुधा असतें; त्याचा ‘स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ (१८६३) हा ग्रंथ मात्र क्वचित् उघडला जातो. वस्तुतः पहिल्यांतील शिकारवर्णनें दुसऱ्यावांचून नीट उलगडत नाहींत. (१९७२ च्या कायद्यानें ही शिकार बंद झाली, आतां प्रश्न वाचनाचाच आहे.)

पहिली अडचण आंकड्यांची. फोर्सिथच्या काळीं ‘१२ बोअर’ म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा गोल गोळ्या पाडिल्या असतां त्यांतील एक जिच्या नळींत बसेल ती बंदूक. गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची. पुढें नळीच्या व्यासाचें माप रूढ झालें. सर सॅम्युअल बेकर १८९० च्या ग्रंथांत .५७७ ची रायफल पुरस्कारितो. व्यास कमी म्हणून मारा हलका, असें समजणारा येथें फसतो. कारण तिची ६४८ ग्रेनांची लांबट गोळी १२ बोअरच्या ५८३ ग्रेनांच्या गोळीहून जड आहे. अमेरिकेंत काळ्या अस्वलावर वापरली जाणारी ‘३०-३०’ आणखी निराळी : पहिला आंकडा व्यासाचा, दुसरा मूळच्या बिनधुराच्या दारूच्या ग्रेनांचा. हें काडतूस १८९५ सालचें. ज्या टिपणांत त्याचा उल्लेख येतो तें त्यापूर्वींचें मानतां येणार नाहीं, मग कागद कितीही जुनाट दिसो.

नळींतील पेचास १०४ इंचांत एकच वेढा द्यावा, गोल गोळी व भरपूर दारू घालावी, म्हणजे शंभर-दीडशें यार्ड मार सरळ जातो, हा फोर्सिथचा मुख्य सिद्धान्त. जलद पेचाच्या नळींत दारू वाढविल्यास मऊ शिसें पेच सोडून निसटतें, ही त्याची हरकत त्या काळच्या साहित्यापुरती बिनतोड आहे. अस्वलाच्या बाबतींत मात्र आमचा मतभेद आहे. अंतराचा अंदाज चुकण्याचें भय मैदानांतील हरणाच्या शिकारींत. मध्यप्रांतांतलें अस्वल (हें हिमालयांतील काळ्या अस्वलाहून वेगळें) कपारींत किंवा नाल्यांत थोड्या पावलांवर भेटतें. तेथें सरळ मारापेक्षां गोळीचें वजन व ती किती खोल शिरते हें पाहावें लागतें. लांब केंसांमुळें त्याची आकृति फुगलेली भासते, आणि केंसांच्या कडेवरून नेम धरणाराची गोळी जीवस्थान चुकविते. बेकरनें पोकळ गोळीवर घेतलेला आक्षेपही येथेंच पटतो. ती वरच्यावर फुटते व जखमी जनावर उलटतें. तात्पर्य, फोर्सिथची बंदूक अस्वलास योग्य खरी, पण त्यानें दिलेल्या कारणासाठीं नव्हे.

संग्राहकांस एक सूचना. २६ इंची नळींत असल्या पेचाचा पाव वेढाच दिसतो. तेवढ्यावरून अशी रायफल छऱ्यांची बंदूक म्हणून यादींत चढण्याचा संभव आहे. नोंद करण्यापूर्वीं नळी उजेडासमोर धरून पाहावी.