‘बरोबर’ म्हणजे नेमकं काय?

कोरेगाव भीमातल्या सातवीच्या एका मुलाला मी परवा ८ + ४ = □ + ५ लिहून दिलं. चौकटीत त्याने झटकन १२ लिहिले. तो एकटा नाही. अमेरिकेत सहावीच्या १४५ मुलांना हेच विचारलं, तेव्हा सगळ्यांनी १२ किंवा १७ लिहिले होते (फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर, १९९९). मराठीत तर ‘=’ म्हणजे बरोबर, आणि उत्तर जमलं तरी बरोबरच! मग त्या चिन्हापुढे उत्तरच यायचं, असं मुलाला वाटणारच.

म्हणून मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात संशोधन केलेल्या राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांचा २०१२चा शोधनिबंध मला मोलाचा वाटतो. सहावीच्या मुलांना ते पदावली पदांत फोडायला शिकवतात, चिन्ह पदासकट धरून. २७ + ३८ आणि २८ + ३७ सारखेच, हे बेरीज न करता ओळखायचं.

माझी तक्रार एकच. त्यांचा भर पदावलींवर आहे. समीकरण सोडवणं मागे पडतं. आणि वर्गात तर ‘बाजू बदलली, चिन्ह बदललं’ एवढ्यावरच भागतं. तराजूचं चित्र मदत करतं (बाजारात आता इलेक्ट्रॉनिक काटेच दिसतात, ते सोडा), पण क्ष + ७ = ३ आलं की तेही अडतं. पारड्यात उणे ४ ठेवणार कसे? पदांच्या भाषेत मात्र हे सहज जमतं: ३ म्हणजे −४ + ७; दोन्हीकडे +७ हे पद आहे, म्हणून क्ष = −४. हा पुढचा टप्पा मला निबंधात सविस्तर हवा होता.

त्या मुलाला मी ८ + ४च्या खाली ७ + ५ लिहून दाखवलं. १२ त्याने स्वतःच खोडले.