दुखण्याचे जनुक : एका षष्ठीचा विचार

विषाणूजन्य ज्वर उतरल्यानंतर एकाचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते आणि त्याच घरातील दुसरा आठ दिवसांत कामाला लागतो. या भेदाचे आनुवंशिक कारण शोधणारा एक विस्तृत निबंध ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झाला. १६ देशांतील २४ अभ्यासांमधून दीर्घ कोविडचे ६,४५० रुग्ण आणि तुलनेसाठी १०,९३,९९५ व्यक्ती त्यात घेतल्या आहेत. फॉक्सपी-४ या जनुकालगतचा एक रूपभेद रुग्णांमध्ये अधिक प्रमाणात आढळला. शक्यतेचे गुणोत्तर सुमारे १.६ आहे. हे जनुक फुप्फुसांत कार्य करीत असल्याने निष्कर्षास जीवशास्त्राचा आधारही मिळतो.

हा निष्कर्ष मराठीत आणताना ‘दीर्घ कोविडचे जनुक’ असे म्हणण्याचा मोह होतो. आमचा आक्षेप या षष्ठीवर आहे. ‘आंब्याचे झाड’ म्हणताना जो अटळ संबंध ध्वनित होतो, तोच येथेही होतो. वस्तुतः हा रूपभेद युरोपीयांत १.६ टक्के, तर पूर्व आशियाई लोकांत ३६ टक्के आढळतो. म्हणून तेथील तिसरा हिस्सा लोक अंथरुणास खिळले आहेत असे नव्हे. भाषाभ्यासकांस ही चूक परिचित आहे. याच कुलातील फॉक्सपी-२ मधील बिघाड एका इंग्लिश कुटुंबात २००१ साली निश्चित झाला आणि त्या जनुकास ‘भाषेचे जनुक’ ही पदवी मिळाली. त्या कुटुंबातील मुख्य दोष मात्र उच्चारासाठी लागणाऱ्या सूक्ष्म हालचालींचा होता.

याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. रूपभेद यंत्राने वाचता येतो. रुग्ण कोण, हे मात्र पुष्कळदा उत्तरांवरून ठरते. चाचणीने सिद्ध झालेले रुग्ण निबंधकारांनी वेगळे काढून पाहिले, हे योग्यच झाले. परंतु चाचणी संसर्ग सांगते, रेंगाळलेले दुखणे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या व्याख्येतही थकवा, धाप आणि बौद्धिक मांद्य ही लक्षणे प्रमुख आहेत, आणि ती रुग्णाच्या तोंडूनच कळावयाची.

अशी प्रश्नावली उद्या जालना जिल्ह्यात आली, तर काय होईल? मंठा तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईस ‘मेंदूत धुके जाणवते काय?’ असे विचारल्यास ती नाही म्हणेल. ‘काही सुधरेना असं होतं का?’ या प्रश्नास कदाचित होय म्हणेल. घनसावंगीहून ऊसतोडीस जाणाऱ्यास थकवा हे लक्षण वाटत नाही. तो त्याच्या हंगामाचा भागच असतो. तांड्यावरील बंजारा बोली आणि शहरातील दख्खनी यांत हेच प्रश्न पुन्हा नव्याने घडवावे लागतील. शब्द चुकला की रुग्ण निरोग्यांच्या रकान्यात जातो, आणि खरा आनुवंशिक संबंधही क्षीण भासू लागतो.

तेव्हा रक्ताचे नमुने गोळा करण्यापूर्वी लक्षणांचा बोलीकोश सिद्ध होणे अगत्याचे आहे. ते काम वैद्यकाचे नव्हे, आपल्या विभागाचे आहे.